अब्दुल रहमान स्ट्रीटवरचे सामान आणि चाळीस पानांची घरची वही

गिरगावातील आमच्या चाळीचा पुनर्विकास गेल्या वर्षी नक्की झाला आणि आईची खोली रिकामी करताना माळ्यावरून पत्र्याची एक ट्रंक खाली आली. तिच्यात तीन अल्बम, दोरीने बांधलेली अंतर्देशीय पत्रे, काही तारा, आईवडिलांची १९६८ सालची लग्नपत्रिका, आजोबांचा ट्रामचा पास आणि पाकिटांत कोंबलेले शंभरेक सुटे फोटो होते. या सर्वांतून निवडक गोष्टींची एक वही करावी, म्हणजे आज ज्याला स्क्रॅपबुक म्हणतात तसे काही, असे भावाने आणि मी ठरवले. त्यासाठी क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवर मी तीन फेऱ्या मारल्या. तिथे काय मिळते, त्यातले कोणते सामान जुन्या फोटोंजवळ ठेवण्याच्या लायकीचे आहे आणि त्यातून वही कशी उभी राहिली, याचे हे परीक्षण आहे.

बाजारात पाऊल ठेवण्यापूर्वीच त्या ट्रंकेने मला एक धडा दिला होता. तीन अल्बमपैकी दोन १९५० आणि १९६०च्या दशकांतले होते. त्यांची पाने जाड आणि काळी होती आणि प्रत्येक फोटो चार कागदी कोपऱ्यांत अडकवलेला होता. तिसरा अल्बम १९८०च्या दशकातला, पानावर चिकट रेघा आणि वरून पारदर्शक प्लास्टिक ओढून बसवायचे, अशा पद्धतीचा. सर्वांत जुने फोटो सर्वांत सुस्थितीत निघाले आणि त्या मानाने नवे असलेले माझ्या मुंजवयातल्या भावाचे फोटो पिवळ्या डागांनी भरलेले, पानाला घट्ट धरून बसलेले आणि तांबूस पडलेले निघाले. तांबूसपणाचा दोष अल्बमचा नव्हे. कृष्णधवल फोटोतील प्रतिमा चांदीच्या कणांची असते, तर त्या काळच्या रंगीत फोटोतील प्रतिमा रंगद्रव्यांची, आणि त्यांतला निळसर थर आधी विरत जातो. मात्र डाग आणि चिकटणे हा सारा त्या गोंदाचा आणि प्लास्टिकचा प्रताप होता. हे फोटो ओरबाडून काढू नयेत. डेंटल फ्लॉसचा दोरा फोटोच्या मागे सरकवून, करवतीसारखा हळूहळू फिरवत मी एकेक फोटो सोडवला. एकूण ३६ फोटोंना चार संध्याकाळी लागल्या. जे सुटेनात त्यांचे पानासकट स्कॅन काढले आणि ती पाने तशीच ठेवली.

म्हणून दुकानात शिरताना माझ्या मनात एकच कसोटी होती : सजावट नंतर, आधी कागद, चिकटवण्याची सोय आणि प्लास्टिक.

अब्दुल रहमान स्ट्रीट छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून पायी दहा-पंधरा मिनिटांवर आहे. १८६९ साली बांधून झालेल्या क्रॉफर्ड मार्केटच्या, म्हणजेच महात्मा जोतिबा फुले मंडईच्या समोरची बाजू ओलांडली की वह्या, लग्नपत्रिका, गिफ्टचे कागद, रिबिनी आणि हस्तकलेच्या सामानाच्या दुकानांची रांग सुरू होते. हातगाड्या, हमाल आणि पाठीवर गठ्ठे घेतलेली माणसे यांतून चालावे लागते. त्यामुळे सकाळी अकराच्या सुमारास, दुकाने नुकतीच उघडलेली असताना जाणे उत्तम. बरीच दुकाने घाऊक विक्रीची असल्याने कार्डशीट सुटी मागितली तर कपाळाला आठ्या पडतात. दहाचे किंवा पंचवीसचे पाकीट घ्यायची तयारी असली की तोच दुकानदार तीन मजले चढून नमुने आणून दाखवतो. एका दुकानातील वयस्कर काकांनी मला, “ताई, मुलांच्या प्रोजेक्टसाठी हवंय की ठेवण्यासाठी?” असे पहिल्याच वाक्यात विचारले. हा प्रश्न विचारणारे दुकान मिळाले की तिथेच थांबावे, असे मी प्रत्येकाला सुचवेन.

कागदाबद्दल सविस्तर लिहिले पाहिजे, कारण पैसे आणि पस्तावा दोन्ही तिथेच होतात. वर्तमानपत्राचा कागद उन्हात चार दिवसांत पिवळा पडतो, तो त्यातल्या लिग्निनमुळे. लाकडाच्या लगद्यातून हा घटक काढून टाकलेला नसेल, तर कागद कालांतराने आम्लधर्मी आणि ठिसूळ होतो आणि शेजारच्या फोटोलाही डागाळतो. आम्लरहित कागदाचा सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप) ७ किंवा त्याहून अधिक असतो, आणि बऱ्याच कागदांत पुढे तयार होणारे आम्ल शोषून घेण्यासाठी कॅल्शियम कार्बोनेट घातलेले असते. पाकिटावर ‘अ‍ॅसिड फ्री’ छापलेले असले तरी ते छापणाऱ्यावर आपण किती विश्वास ठेवायचा, हा प्रश्न उरतोच. मी ऑनलाइन मागवलेले सामू तपासण्याचे पेन सोबत नेले होते. या पेनाची रेघ आम्लधर्मी कागदावर पिवळी राहते आणि आम्लरहित कागदावर जांभळी होते. दुकानदाराची परवानगी घेऊन मी सात नमुन्यांच्या कोपऱ्यांवर रेघा ओढल्या. चार जांभळ्या झाल्या, तीन पिवळ्या राहिल्या, आणि त्या तिन्हींपैकी एका पाकिटावर ठळक अक्षरांत ‘अ‍ॅसिड फ्री’ असेच लिहिलेले होते. दुकानदारालाही ते ठाऊक नव्हते. त्याने ते पाकीट मुकाट्याने बाजूला ठेवले, ही गोष्ट मला आवडली.

या पेनाला दोन मर्यादा आहेत. काळ्या किंवा गडद कागदावर रेघेचा रंग दिसतच नाही, आणि ते फक्त आम्ल सांगते, लिग्निन सांगत नाही. गडद रंगांसाठी मी घरी आणखी एक परीक्षा केली. तुकडा ओला करून पांढऱ्या टिपकागदात रात्रभर वजनाखाली दाबून ठेवला. लाल आणि मरून रंगांनी टिपकागद रंगवून टाकला. मुंबईच्या जुलै महिन्यात कपाटाच्या आतही हवा इतकी दमट असते की असा कागद फोटोला टेकला तर रंग उतरायला पाणी ओतण्याची गरज पडत नाही. लग्नाच्या पानांसाठी लालच हवा, हा माझा हट्ट मी तिथेच सोडला आणि फिकट बदामी व राखाडी या दोन रंगांवर थांबले. वजन म्हणाल तर पानासाठी २२० ते २५० जीएसएम (एका चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधले वजन) योग्य वाटले. १६० जीएसएमचे पान चार फोटोंच्या भाराने वाकते आणि ३०० जीएसएमचे बांधणीजवळ मुडपत नाही.

हँडमेड कागदाचे मात्र मला कौतुक करावेसे वाटते. सुती चिंध्यांपासून केलेला कागद लाकडाच्या लगद्याचा नसल्याने लिग्निनची काळजी मुळातच कमी असते आणि त्याचा खरखरीत पोत जुन्या कृष्णधवल फोटोंना शोभतो. यांतही फुलांच्या पाकळ्या किंवा गवताच्या काड्या घालून केलेले कागद फोटोखाली वापरू नयेत. पाकळ्या कालांतराने तपकिरी पडतात आणि डाग सोडतात. ते मुखपृष्ठासाठी ठेवावेत.

चिकटवण्याच्या बाबतीत मी आजोबांच्या पिढीचीच पद्धत स्वीकारली. फोटो कॉर्नर, म्हणजे चार कोपऱ्यांच्या टोप्या, हे आजही सर्वांत सज्जन साधन आहे. गोंद टोपीला लागतो, फोटोला नाही. उद्या फोटो काढून मागचे लिखाण वाचायचे असेल, नव्याने स्कॅन करायचा असेल, तर पान फाडावे लागत नाही. या रस्त्यावर २५० कोपऱ्यांचे पाकीट मला ७० रुपयांना मिळाले. काळे, पांढरे आणि पारदर्शक असे तीन प्रकार होते. पारदर्शक घेतलेले कोपरे कागदी कोपऱ्यांपेक्षा जास्त घसरतात. सोनेरी कोपरे दिसायला देखणे असले तरी त्यांची झिलई नखाने सुटली, म्हणून ते परत केले. खळ आणि घरगुती गोंद यांचा मोह टाळावा. कणकेच्या खळीवर कसर हमखास येते. दुहेरी चिकट टेप मी फक्त मथळ्यांच्या चिठ्ठ्यांसाठी वापरला, मूळ कागदपत्रांसाठी एकदाही नाही. लॅमिनेशनबद्दल तर कळकळीने सांगावेसे वाटते की ते करू नका. आमच्या ओळखीच्या कित्येक घरांत जन्मदाखले आणि आजीचे फोटो ‘सुरक्षित’ करण्यासाठी लॅमिनेट केलेले आहेत. उष्णतेने कागदात भिनलेले ते प्लास्टिक पुन्हा काढता येत नाही.

पत्रे, पत्रिका आणि तिकिटांसाठी पारदर्शक पाकिटे लागतात. पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरचे पाकीट घ्यावे आणि पीव्हीसी टाळावे, कारण पीव्हीसी झिजताना आम्ल सोडते आणि छपाईची शाई स्वतःकडे ओढून घेते. दुकानात या नावांनी मागणी केली तर बहुतेक विक्रेते गोंधळतात. मी हाताने आणि नाकाने निवडले. पीव्हीसीला नव्या रेनकोटसारखा उग्र वास असतो आणि त्याचे दोन थर एकमेकांना चिकटतात, तर पॉलिप्रॉपिलीन कुरकुरीत वाजते आणि त्याला वास जवळजवळ नसतो. या कसोटीवर पाहिलेल्या पाच प्रकारांपैकी दोनच टिकले. हा विभाग या रस्त्याची कमकुवत बाजू आहे. चांगली पाकिटे आहेत, पण ती नेमकी कोणती हे सांगणारे कोणी नाही.

आईच्या लग्नपत्रिकेच्या चारही कोपऱ्यांना हळदकुंकू लावलेले होते. हळदीचा रंग उजेडात विरतो आणि कुंकू समोरच्या पानावर उतरते, हे लक्षात घेऊन पत्रिका स्वतंत्र पाकिटात ठेवली आणि समोरचे पान कोरे सोडले. शालूचा तुकडा लावायची भावाची इच्छा होती. जरीचे धागे धातूचे असतात आणि काळवंडतात, म्हणून तो तुकडा मलमलीत गुंडाळून निराळा ठेवला आणि वहीत त्याचा फोटो लावला. वर्तमानपत्रात आलेल्या आजोबांच्या निधनाच्या बातमीचे कात्रण असेच वगळले आणि त्याची चांगल्या कागदावर काढलेली झेरॉक्स लावली. झेरॉक्सची टोनर-शाई टिकाऊ असते.

मांडणीविषयी दुकानांतून मिळणारा सल्ला म्हणजे अधिक स्टिकर, अधिक रिबिनी, अधिक चकाकी. ते सामान मी पाहिले आणि सोडून दिले. माझ्या मते एका पानावर एकच फोटो मोठा असावा आणि बाकीचे एक-दोन त्याच्या कलाने लहान. सर्व फोटो सारख्या आकाराचे लावले की पान शाळेच्या वर्गफोटोसारखे होते आणि डोळा कुठेच थांबत नाही. पानाचा निदान तिसरा हिस्सा मोकळा ठेवल्याने जुन्या फोटोंच्या करवती कडा आणि पांढऱ्या चौकटी उठून दिसतात. त्या कडा कापून फोटो ‘नीट’ करण्याचा मोह कोणाला होऊ नये, कारण त्या कडांवरून फोटोचा काळ ओळखता येतो. पानाचा रंग फोटोतूनच उचलावा. रंगीत फोटोत आईच्या साडीचा मोरपिशी काठ असेल तर मथळ्याची पट्टी त्याच छटेची. संपूर्ण वहीत दोनच अक्षरवळणे ठेवली. मथळा माझ्या हाताने, आणि आठवण ज्याची त्याच्या हाताने. आईचे अक्षर आता कापते, तरी तिच्याकडूनच लिहून घेतले.

क्रम मी सालवार लावला नाही. आमच्या आयुष्याचे तुकडे घरांवरून पडतात, म्हणून चाळीची खोली, कोकणातले आजोळ, वडिलांचे कंपनीचे क्वार्टर आणि भावाचे ठाण्याचे घर असे चार भाग केले. त्यामुळे १९५८ सालचा गणपती आणि १९८७ सालचा गणपती त्याच खिडकीखाली, शेजारशेजारच्या पानांवर आले. खिडकीचे गज तेच, फक्त समोर बसलेली माणसे निराळी. सालवार लावले असते तर हे दिसले नसते.

तारीख नसलेल्या फोटोंचा आणि पाकिटांचा काळ ठरवताना मुंबईच उपयोगी पडली. एका फोटोत मागे ट्राम उभी आहे. मुंबईतील ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी बंद झाली, तेव्हा तो फोटो त्याआधीचाच. पाकिटावर ‘मुंबई ४’ एवढाच टपाल विभागाचा आकडा असेल तर पत्र बहुधा जुने, आणि सहा आकडी पिनकोड असेल तर ते १५ ऑगस्ट १९७२ नंतरचे, कारण पिनकोड त्या दिवशी सुरू झाला. समूहफोटोंत कोण कोण आहे ते लिहिण्यासाठी मी शेजारच्या चिठ्ठीवर माणसांच्या डोक्यांचे नुसते बाह्याकार काढले, त्यांत आकडे घातले आणि खाली नावे लिहिली. हेच काम फोटोवर बटरपेपर पसरून करायचा विचार होता, पण आमच्याच जुन्या अल्बममध्ये दोन ठिकाणी बटरपेपर पावसाळी दमटपणाने फोटोच्या चकचकीत पृष्ठभागाला चिकटलेला पाहिला आणि तो बेत रद्द केला. फोटोच्या मागे लिहायचे झाल्यास मऊ पेन्सिलीने, कडेला, दाब न देता. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो आणि शाई पसरते. वहीच्या पानांसाठी पिगमेंट शाईचे काळे पेन घ्यावे. ते ८० रुपयांना मिळाले आणि पाण्याचा थेंब टाकून पाहिला तरी अक्षर फुटले नाही.

नव्या प्रती छापून घेण्याची सेवा हा या प्रकरणातला नाराजीचा भाग. घराजवळच्या एका फोटो स्टुडिओत मी १२ फोटो स्कॅन करून छापायला दिले. त्यांनी न विचारता सर्व चेहऱ्यांवरच्या सुरकुत्या पुसल्या आणि आजीच्या कपाळावरचे गोंदण ‘डाग’ म्हणून काढून टाकले. पुन्हा करून दिले, पैसेही अधिक घेतले नाहीत, तरी तेव्हापासून मी स्कॅन घरीच करते. जुना फोटो ६०० डीपीआयला (दर इंचाला ६०० बिंदू) स्कॅन केला की मूळच्या दुप्पट आकारातही तो स्वच्छ छापता येतो. छापायला देताना ‘काहीही सुधारू नका’ असे लेखी द्यावे. दुसऱ्या स्टुडिओने चार बाय सहा इंचाची प्रत १५ रुपयांत दिली आणि ती रासायनिक प्रक्रियेच्या फोटो कागदावर होती. घरगुती इंकजेटवर साध्या शाईने काढलेल्या प्रतींपेक्षा ती पुष्कळ टिकते.

बांधणीसाठी मात्र मी तयार अल्बम घेतला नाही. बाजारात बारा बाय बारा इंचांचे तयार स्क्रॅपबुक ६५० ते १,४०० रुपयांपर्यंत होते, पण त्यांची पाने बहुतेक काळी, म्हणजे तपासता न येणारी, आणि स्पायरलच्या तारेत अडकवलेली. फोटो लावल्यावर वही फुगते आणि तार पाने कुरतडते. त्याच परिसरातील एका गल्लीत हिशेबाच्या वह्या बांधणाऱ्या कारागिराकडे मी माझी कापून घेतलेली पाने नेली. त्याने प्रत्येक दोन पानांच्या मध्ये, कण्यापाशी, पाऊण इंच रुंदीची पुठ्ठ्याची पट्टी घातली. त्यामुळे फोटोंच्या जाडीला जागा मिळाली आणि वही मिटल्यावर तोंड वासत नाही. बाहेरून खादीचे कापड, आत पितळी स्क्रू, म्हणजे पाने काढता-घालता येतात. मजुरी आणि सामान मिळून ९५० रुपये झाले आणि काम सांगितल्या दिवशी तयार होते. या सर्व खरेदीत ज्याला मी पूर्ण गुण देईन असा हाच एक व्यवहार. कोपऱ्यांवर डिंकाचे दोन पुसट ओघळ राहिले आहेत, एवढीच तक्रार, आणि ते कापडावर आहेत, पानांवर नाहीत.

एकूण खर्च ३,१०० रुपयांच्या आसपास झाला, त्यात पेन आणि प्रतीही आल्या. तयार सामानाचे किट घेतले असते तर खर्च थोडा कमी झाला असता आणि वेळ निम्म्याने वाचला असता. मुलांच्या वाढदिवसाचे, चार-पाच वर्षे मिरवायचे पुस्तक करायचे असेल तर तसे किट घ्यायला माझी हरकत नाही. मूळ कागदपत्रे लावायची असतील तर या रस्त्यावर जावे, सामू तपासण्याचे पेन सोबत न्यावे, शनिवार टाळावा, आणि रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात हे लक्षात ठेवावे.

वही आता भावाकडे, भिंतीला न टेकलेल्या कपाटात, आडवी ठेवली आहे. सोबत सिलिका जेलच्या चार पुड्या आहेत. डांबराच्या गोळ्या किंवा पानांत कडुलिंबाचा पाला ठेवू नये, असे मी त्याला लिहून दिले आहे. पाऊस सरल्यावर ऑक्टोबरच्या कोरड्या उन्हात, सावलीत, पाने उघडून वारा द्यायचा. बांधणाऱ्याने निघताना अर्ध्या इंचाचे दोन जादा स्क्रू कागदात गुंडाळून हातात दिले होते, आणि ते पुढच्याच महिन्यात लागणार आहेत. रत्नागिरीच्या मावशीला वहीचा व्हिडिओ दाखवल्यावर तिने तिच्याकडचे अकरा फोटो पाठवायचे कबूल केले आहे, आणि त्यांतल्या एकात तोच शालू नेसलेली आई आहे.